‘ऑफर असेल तरच खेळते’

पत्राचा सारांश: इंग्लंडमधल्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका असलेल्या, मूळच्या कोल्हापूर भागातल्या एका ताईंचं हे पत्र. रात्रपाळी करून घरी आल्यावर लगेच झोप लागत नाही, म्हणून त्या मोबाइलवर ऑनलाइन स्लॉट, म्हणजे चित्रांची रिळं फिरवायचा पैशांचा खेळ, खेळतात. सुरुवातीला आठवड्यातून एखादा तास, एका स्पिनला, म्हणजे रिळं एकदा फिरवायला, 20 पेन्स, एवढाच खेळ होता. आठ महिन्यांपूर्वी त्यांचं लक्ष साइटवरच्या बक्षीस योजनांकडे गेलं: ठरावीक गेमवर अचानक पडणारी रोख बक्षिसं, मध्यरात्रीच्या आत कुणाला तरी लागणारच असा रोजचा जॅकपॉट, फ्री स्पिन, आठवड्याची टूर्नामेंट. पात्र ठरायला किमान 50 पेन्सचा स्पिन लागतो, म्हणून त्यांनी रक्कम वाढवली. आता आठवड्यातून दोन-तीनदा, मिळून अडीच तास तरी खेळणं होतं. आतापर्यंत 410 पौंडांची बक्षिसं मिळाली, त्यात एकच मोठं, 250 पौंडांचं. ‘मी वही ठेवते. ऑफर नसेल त्या दिवशी हातही लावत नाही, त्यामुळे याला जुगार म्हणावंसं वाटत नाही,’ असं त्या लिहितात. नवऱ्याला ऑफरचं माहीत आहे, रकमांचं नाही. त्यांचा प्रश्न असा: या योजना खरंच फायद्याच्या असतात का, आणि असतील तर कोणत्या घ्याव्यात? शिवाय सध्या खात्यात 60 पौंड आहेत, 40 स्वतः भरलेले आणि 20 बोनसचे. बोनस काढता येण्यासाठी त्याच्या दहापट रकमेचे स्पिन करण्याची अट आहे. ती पूर्ण करावी की बोनस सोडून द्यावा?

ताई, नमस्कार.

तुम्ही प्रश्न व्यवहाराचा विचारलात, तर उत्तरही आधी व्यवहाराचंच देते. ‘उपदेश नको’ असं तुम्ही लिहिलंय, आणि मलाही तो करायचा नाही. तुम्ही राहता त्या देशात सज्ञान माणसाने परवाना असलेल्या साइटवर स्लॉट खेळणं कायदेशीर आहे. जिंकलेल्या रकमेवर तिथे खेळणाऱ्याला करही भरावा लागत नाही. तेव्हा कायद्याची भीती घालण्याचा प्रश्न नाही. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर माझं मत असं झालंय की या योजना तुम्हाला तोट्याच्या ठरल्या आहेत. तो तोटा तुमच्या वहीत उतरत नाही, म्हणून तुम्हाला दिसला नाही.

तुमच्या वहीत दोन रकाने आहेत. तारीख, आणि मिळालेलं बक्षीस. पैसे किती भरले याबद्दल तुम्ही ‘साधारण तेवढेच असतील’ इतकंच लिहिलंय. रुग्णालयात पेशंटच्या चार्टवर सलाइन किती गेलं आणि लघवी किती झाली, हे दोन्ही न लिहिता तुम्ही पाळी सोडणार नाही. इथे मात्र एकच बाजू लिहिली जाते. आणि या खेळात तर तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा असतो: एकूण किती रकमेचे स्पिन केले. भरलेली रक्कम नव्हे, फिरवलेली रक्कम. 40 पौंड भरून माणूस सहज 300 पौंडांचे स्पिन करतो, कारण मधेमधे थोडं जिंकतो आणि तेच पुन्हा लावतो.

स्लॉटच्या माहितीत ‘आरटीपी 96 टक्के’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आरटीपी म्हणजे खेळणाऱ्यांकडे सरासरी परत जाणारा वाटा. बरेच जण त्याचा अर्थ ‘शंभर भरले तर शहाण्णव परत’ असा घेतात. तसं नसतं. फिरवलेल्या प्रत्येक शंभर पौंडांमागे सरासरी चार पौंड साइटकडे राहतात, आणि तेच पैसे पुन्हा फिरवले की पुन्हा चार टक्के जातात. ही सरासरीसुद्धा लाखो स्पिनची असते आणि तिच्यात क्वचित कुणाला लागणारी मोठी रक्कमही धरलेली असते. ती ज्यांना लागत नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांना, त्यांच्या वाट्याला सरासरीपेक्षा कमीच येतं. आणखी एक गोष्ट: एकाच गेमच्या वेगवेगळ्या टक्केवारीच्या आवृत्त्या असतात. नाव तेच, चित्रं तीच, पण एका साइटवर 96 आणि दुसरीवर 94 किंवा त्याहूनही कमी. गेमच्या माहितीच्या पानावर आकडा दिलेला असतो. तो फार थोडे लोक उघडून बघतात.

आता तुमच्याच आकड्यांवरून हिशेब मांडू. सहा सेकंदाला एक स्पिन धरला तर तासाला 600 होतात. हे जास्त धरलेलं नाही. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे ऑनलाइन स्लॉटचा एक स्पिन किमान अडीच सेकंद चालायलाच हवा, म्हणजे त्याहून बरंच भरभर खेळता येतं. 600 स्पिन, प्रत्येकी 50 पेन्स, म्हणजे तासाला 300 पौंड फिरले. त्याचे चार टक्के 12 पौंड. आठवड्याचे अडीच तास म्हणजे 30 पौंड. आठ महिन्यांचे साधारण 34 आठवडे धरले तर 1,020 पौंड. त्यातून तुमची 410 पौंडांची बक्षिसं वजा करा, उरतो 610 पौंडांचा खड्डा.

योजना सुरू होण्यापूर्वीचा तुमचा खेळ याच मापाने मोजला तर? आठवड्याला एक तास, 20 पेन्स, म्हणजे 120 पौंड फिरले, 4 पौंड 80 पेन्स गेले. 34 आठवड्यांचे 163 पौंड. म्हणजे बक्षिसं मिळूनसुद्धा, आणि ती बऱ्यापैकी मिळूनसुद्धा, योजनांच्या मागे लागल्यामुळे तुमचा खर्च अंदाजे साडेचारशे पौंडांनी वाढला. हा सरासरीचा अंदाज आहे, तुमचा खरा आकडा वर किंवा खाली असू शकतो. तो कसा काढायचा ते पुढे सांगते. पण बघा, खेळाचे नियम कुणी बदलले नाहीत, गेम कुणी बिघडवला नाही. बदललं ते तुमचं खेळणं. 20 चे 50 पेन्स झाले, एका तासाचे अडीच झाले. योजना त्यासाठीच असते.

म्हणून ‘ऑफर नसेल तर हात लावत नाही’ हे तुमचं वाक्य मला वेगळं ऐकू येतं. तुम्हाला ते शिस्तीचं लक्षण वाटतं. पण त्याचा अर्थ असाही निघतो की कधी खेळायचं, कोणता गेम खेळायचा आणि किती लावायचे, या तिन्ही गोष्टी आता साइट ठरवते. ऑफर नाही असे दिवस महिन्यातून किती येतात, हे एकदा आठवून बघा.

तुम्ही लिहिलंय, ‘बक्षिसाची रक्कम तर वाटलीच जाते, कुणाला तरी लागतेच, मग मला का नको?’ हे मनात येणं अगदी साहजिक आहे. आपल्याकडे भिशी असते. तिथेही दर महिन्याला एकाला लागते. पण भिशीत जमलेला सगळा पैसा सभासदांतच फिरतो आणि प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी येतोच. बक्षीस योजनेत तसा नंबर कुणाचाच नसतो. जमलेल्या पैशातून आधी साइटचा वाटा निघतो आणि उरलेल्यातला एक छोटा तुकडा जाहिरातीसाठी ‘बक्षीस’ म्हणून दाखवला जातो. समजा एका आठवड्याची बक्षिसं 50,000 पौंडांची आहेत. आकडा डोळ्यांत भरतो. पण ही योजना अनेकदा गेम बनवणारी कंपनी चालवते, एकाच वेळी कितीतरी साइटवर आणि कितीतरी देशांत. त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून दोन कोटी पौंडांचे स्पिन केले असतील तर बक्षिसाचा वाटा पडतो पाव टक्का. तुमच्या 50 पेन्सच्या स्पिनमागे एक अष्टमांश पेनी. त्याच स्पिनवर साइटचा वाटा दोन पेन्स. दोन कोटी हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय. खरा आकडा खेळणाऱ्यांना सहसा सांगितला जात नाही. बक्षीस केवढं आहे ते मोठ्या अक्षरांत लिहितात, वाटेकरी किती हे लिहीत नाहीत. जिथे दुसरा आकडा माहीत नाही तिथे पहिल्या आकड्याला काही किंमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोजच्या जॅकपॉटबद्दल तुमचं निरीक्षण मात्र बरोबर आहे. मध्यरात्रीच्या आत तो पडणारच असेल आणि अकरा वाजेपर्यंत पडला नसेल, तर त्या तासात तो पडण्याची शक्यता खरोखरच वाढलेली असते. पण हे गणित तुमच्यासारखं इतरांनाही कळतं. अकरा वाजता सगळेच येतात. शक्यता वाढते ती ‘कुणालातरी’ लागण्याची, आणि त्या ‘कुणालातरी’मध्ये गर्दीही तितकीच वाढलेली असते. साध्या स्पिनच्या बाबतीत तर ‘आता लागायला आलंय’ असं काही नसतंच. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी संगणकाने काढलेल्या यादृच्छिक आकड्यावर निकाल ठरलेला असतो. रिळं फिरून थांबतात ती फक्त तो निकाल दाखवायला. तिसरं चित्र एका घराने हुकलं, म्हणजे तुम्ही जवळ पोहोचला होतात, असं मुळीच नाही. सहा पहाटे असं हुकलं म्हणून सातव्या पहाटेची शक्यता तसूभरही वाढत नाही.

टूर्नामेंटबद्दल थोडक्यात. ज्यात एकूण लावलेल्या रकमेवर गुण असतात ती सरळसरळ जास्त खर्च करणाऱ्यांची शर्यत आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. ज्यात एका स्पिनमध्ये किती पट मिळालं यावर गुण असतात ती दिसायला न्याय्य वाटते, पण तिथेही ज्याचे स्पिन जास्त त्याला संधी जास्त.

आता राहिले बोनस आणि फ्री स्पिन. याबाबत ब्रिटनमध्ये चांगला बदल झाला आहे. पूर्वी 20 पौंडांच्या बोनसवर 35 पट खेळण्याची अट सर्रास असायची. म्हणजे 700 पौंड फिरवा, तेव्हा बोनसचे पैसे काढता येणार. 700 चे चार टक्के 28 पौंड, म्हणजे 20 च्या बोनसपायी 28 घालवायचे. 19 जानेवारी 2026 पासून जुगारावर देखरेख करणाऱ्या तिथल्या गॅम्बलिंग कमिशनने ही अट जास्तीत जास्त दहापटीवर आणली आहे. एकाच ऑफरसाठी स्लॉटही खेळा आणि सामन्यांवर पैजही लावा, अशी जोडगोळीही बंद केली आहे. त्यामुळे आताचे बोनस पूर्वीइतके फसवे राहिलेले नाहीत. ज्या फ्री स्पिनवर खेळण्याची अट अजिबात नाही, म्हणजे जिंकलं ते सरळ रोख, आणि ज्यासाठी नवे पैसे भरायचे नाहीत, त्यात पैशाचं नुकसान नाही. ‘कोणत्या घ्याव्यात’ याचं प्रामाणिक उत्तर एवढंच आहे: ज्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत, रक्कम वाढवावी लागत नाही आणि ठरल्यापेक्षा एकही स्पिन जास्त करावा लागत नाही, ती योजना घ्यायला हरकत नाही. या चाळणीतून तुमच्या पत्रातल्या किती योजना खाली उतरतात ते तुम्हीच बघा. मला एक दिसली.

आणि त्या एकीबद्दलही मला थोडी धास्ती आहे. ज्याला स्लॉटमध्ये गोडी नाही तो दहा फ्री स्पिन घेऊन ॲप बंद करेल. तुम्ही बारा तास उभं राहून, कधी एखाद्या वॉर्डात जीव गेलेला बघून, सकाळी आठ वाजता अंधार केलेल्या खोलीत पडलेल्या असता. त्या वेळी दहा स्पिन संपले की अकरावा स्पिन पैशांचा असतो आणि बोट बटणावरच असतं. रात्रपाळीनंतर डोकं थकलेलं असतं, पण झोपलेलं नसतं. अशा वेळी माणूस हिशेब करत नाही. हा तुमचा दोष नाही. पण फुकट स्पिनचा संदेश फोनवर येतो तो ॲप उघडण्याची आठवण करून द्यायलाच.

तेव्हा मला तुम्हाला उलट काही विचारावंसं वाटतं. योजना फायद्याची निघाली असती तर तुम्ही किती वाढवलं असतं? 50 पेन्सचा एक पौंड केला असता का? आणि ती तोट्याची आहे हे कळल्यावर पुन्हा 20 पेन्स आणि आठवड्याला एक तास, इथपर्यंत परत येणं सोपं वाटतं की अवघड? सोपं वाटत असेल तर तुमचा प्रश्न खरंच फक्त हिशेबाचा होता आणि तो सुटला. ‘अवघड आहे’ असं आतून वाटत असेल, किंवा ‘आधी गेलेलं भरून काढू, मग कमी करू’ असा विचार डोकावत असेल, तर प्रश्न योजनांचा उरलेला नाही आणि पुढचा भाग तुम्ही नीट वाचावा असं मला वाटतं.

पहिलं काम, खरा आकडा काढा. साइटवर तुमच्या खात्याचा इतिहास असतो: भरलेले, काढलेले, फिरवलेले पैसे. तिथे पूर्ण आठ महिने दिसत नसतील तर तुमची सगळी नोंद लेखी मागण्याचा हक्क ब्रिटनच्या माहिती संरक्षण कायद्याने तुम्हाला दिला आहे. मागणी केल्यावर साधारण महिनाभरात ती द्यावी लागते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. बँकेच्या उताऱ्यावरूनही भरलेले आणि परत आलेले पैसे एका दुपारी जुळवता येतील. स्लॉट चालू असताना पडद्यावरही त्या बैठकीतला वेळ आणि एकूण नफा-तोटा दाखवणं साइटला बंधनकारक आहे. तो आकडा लहान असतो, कोपऱ्यात असतो. पुढच्या वेळी खेळलातच, तर फिरणाऱ्या चित्रांऐवजी दहा मिनिटं फक्त त्या आकड्यावर नजर ठेवा.

दुसरं, संदेश बंद करा. ईमेल, मेसेज, ॲपची सूचना, सगळं. मे 2025 पासून तिथे नियम आहे की कोणत्या खेळाची जाहिरात आणि कोणत्या मार्गाने हवी, हे तुम्ही स्वतः निवडल्याशिवाय ती पाठवता येत नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या खुणा काढून टाका. ऑफरच दिसली नाही तर ‘सोडली तर नुकसान’ ही रुखरुखही लागत नाही. तुमच्या पत्रात ही रुखरुख फार आहे, ताई. न घेतलेल्या ऑफरचं नुकसान शून्य असतं. खात्यातून एक पेनीही जात नाही.

तिसरं, पैसे भरण्यावर मर्यादा घाला, आणि ती झोप झालेली असताना, सुट्टीच्या दिवशी दुपारी ठरवा. मर्यादा कमी केली तर ती लगेच लागू होते. वाढवायची असेल तर मधे थांबावं लागतं, ते बरंच आहे. मर्यादा पाळली जात नाही असं दिसलं तर ‘गॅमस्टॉप’ ही मोफत सोय आहे. एकदा नाव नोंदवलं की ब्रिटनचा परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन साइट सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, जशी मुदत निवडाल तशी, तुम्हाला आत घेत नाहीत. मोठ्या बँकांच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार रोखणारं बटणही असतं. ते बंद करायचं म्हटलं तर काही बँका 48 तास थांबवतात. पहाटेच्या हुक्कीला 48 तास पुरेसे असतात.

आणि कुणाशी बोलावंसं वाटलं तर राष्ट्रीय जुगार मदतवाहिनीचा 0808 8020 133 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो. म्हणजे तुमच्या रात्रपाळीच्या वेळेलाही. तुम्ही ज्या आरोग्यसेवेत काम करता तिचीच या त्रासासाठी खास क्लिनिकं आहेत. लंडनमधलं पहिलं 2008 साली सुरू झालं, आता ती इंग्लंडभर आहेत. सहकाऱ्यांना कळेल अशी भीती वाटेल, पण तुमच्या पेशंटची माहिती तुम्ही जशी जपता तशीच तुमचीही जपली जाते.

या सदराला महाराष्ट्रातूनही याच विषयावर पत्रं येतात, बहुतेक तरुण मुलांची आणि त्यांच्या आयांची. त्यांनी वरचा हिशेब जसाच्या तसा उचलू नये, कारण इथली गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड, असं त्यात आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण संरक्षणही फारसं उरत नाही. टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवर ‘पहिल्या डिपॉझिटवर 500 टक्के बोनस’ म्हणणाऱ्या साइट बहुधा परदेशातून चालतात. दहापटीची मर्यादा, अडीच सेकंदांचा नियम, देखरेख करणारा आयोग, यातलं काहीच तिथे नसतं. पैसे भरायचे ते दर वेळी कुणा वेगळ्याच अनोळखी माणसाच्या यूपीआय खात्यावर. पैसे काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’, ‘आधी व्हेरिफिकेशन फी भरा’. जिंकलेले पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे मागितले गेले, की ती फसवणूक आहे असं खुशाल समजा. पुढचा एक रुपयाही पाठवू नका आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. चुकून पैसे परत आलेच, तर ज्या खात्यातून आले ते फसवणुकीच्या तपासात अडकलेलं असू शकतं, आणि मग तुमचंही खातं गोठतं. पगार, हप्ता, घरभाडं, सगळंच थांबतं. मुलगा यात अडकलाय असं लक्षात आलं तर घरात आरडाओरडा करण्याआधी ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

आता नवऱ्याबद्दल, ताई. त्यांना ऑफरचं माहीत आहे पण रकमांचं नाही, ही ओळ तुम्ही कंसात लिहिलीत. मला ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटली. कोल्हापूरच्या फ्लॅटचा हप्ता दोघं मिळून भरता, पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये घर घेण्याचा विचार आहे, असंही तुम्ही लिहिलंय. घरकर्ज देताना तिथली बँक खात्याचे मागचे उतारे बघते, आणि जुगाराचे व्यवहार वारंवार दिसले तर प्रश्न विचारू शकते. त्यांना ते बँकेच्या टेबलावर कळण्यापेक्षा घरी तुमच्याकडून कळलेलं बरं. आधी खरा आकडा हातात घ्या. मग कागद समोर ठेवून सांगा, दोघंही ताजेतवाने असाल अशा वेळी. ‘मला वाटलं फायदा होतोय, हिशेब केला तर एवढे गेले, आणि आता मी हे हे बंद केलंय.’ सफाई देत बसू नका आणि पुढच्या मोठ्या वचनांनीही सुरुवात करू नका. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तरी सांगा. पैशांपेक्षा लपवलेलं जास्त लागतं, आणि ते दर महिन्याला वाढत जातं.

झोप न येण्याचं मी साइटवर ढकलणार नाही, ती तुमची खरी अडचण आहे. रात्रपाळीच्या झोपेबद्दल रुग्णालयाच्या कर्मचारी आरोग्य विभागाशी एकदा बोला. तोवर फोन खोलीबाहेर चार्जिंगला लावा, आणि सकाळी घरी आल्यावर आईला फोन करा. भारतात तेव्हा दुपार असते, आणि तुम्हीच लिहिलंय की तिचा फोन रात्रपाळीमुळे राहून जातो.

शेवटी तुमचे 60 पौंड. कागदावरचा हिशेब आधी देते, कारण तुम्ही तोच मागितलात. दहापट म्हणजे 200 पौंड फिरवायचे, सरासरी 8 जाणार. म्हणजे 20 च्या बोनसची खरी किंमत साधारण 12 पौंड. गेम 94 टक्क्यांचा असेल तर 8. शिवाय बऱ्याच साइटवर आधी तुमचे स्वतःचे 40 वापरले जातात आणि बोनस मागून येतो, तर काही ठिकाणी बोनसमधून जास्तीत जास्त किती काढता येईल यालाही मर्यादा असते. त्या 12 पौंडांसाठी 50 पेन्सचे 400 स्पिन करायचे, म्हणजे आणखी चाळीस मिनिटं, आणि ती संपतील तेव्हा पुढची ऑफर आलेली असेल. मी बोनस सोडून देईन. तुम्ही भरलेले पैसे बोनसच्या अटीत अडकवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे 40 पौंड काढण्याची मागणी आजच टाका. ‘बोनस रद्द होईल, चालेल का?’ असा प्रश्न पडद्यावर येईल. ‘हो’ म्हणा. पैसे बँकेत जमा होईपर्यंत एक-दोन दिवस ॲप उघडू नका.